रिले बदलला, आता सीटीचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, बाबांचा करंट ट्रान्सफॉर्मरचा, म्हणजे सीटीचा, कारखाना आहे. (लाइनमधला मोठा करंट मोजता येईल इतका लहान करून देतो तो सीटी.) साठ माणसं, वर्षाला अठरा कोटींची विक्री. मुलगा कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, इलेक्ट्रिकल करून, दोन वर्षं बाहेर नोकरी करून परत आलाय. सीटी विकत घेणारे पॅनलवाले, म्हणजे विजेची नियंत्रण-कपाटं बनवणारे, सीटीऐवजी सेन्सरची चौकशी करू लागलेत. बाबा म्हणतात, तीस वर्षं हाच माल चालला, पुढेही चालेल. मुलाला आरअँडडी विभाग काढायचा आहे. "काका, सुरुवात कुठून करू आणि पैसे किती घालू?"

काका म्हणालास, तर मीही अरे-तुरे करतो. बडोद्यात रिले (लाइनमधला बिघाड ओळखून वीज तोडायचा हुकूम देणारं यंत्र) आणि स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी यंत्रं) यांच्या धंद्यात माझी पस्तीस वर्षं गेली, त्यातली पहिली बरीचशी आरअँडडीत. तुझ्या प्रश्नाचं उत्तर विभाग काढण्यापासून सुरू होत नाही, म्हणून जरा लांबून येतो.

तुमचा सीटी बदलला नाही, हे बाबांचं म्हणणं खरं आहे. बदलला तो त्याच्या शेजारी बसलेला रिले. जुन्या इलेक्ट्रोमेकॅनिकल रिलेत ॲल्युमिनियमची चकती असायची. ती फिरवायला ताकद लागायची आणि ती ताकद सीटीकडूनच यायची. म्हणून तर १० किंवा १५ व्हीए बर्डनचे, म्हणजे एवढी ताकद पुरवणारे, सीटी मागितले जायचे. न्यूमेरिकल, म्हणजे मायक्रोप्रोसेसरवर चालणारा, रिले आला, तो स्वतःचा पॉवर सप्लाय घेऊन. त्याला सीटीकडून ताकद नको, लाइनमध्ये करंट किती आहे एवढी माहिती पुरते. तो एक व्हीएसुद्धा ओढत नाही. मग एवढा मोठा कोअर आणि एवढं तांबं कशाला, असं पॅनलवाल्याला वाटणारच.

आता एक काम कर. गेल्या दहा वर्षांची बिलं काढ आणि दर वर्षी सरासरी एका नगात किती व्हीए विकला, किती किलो तांबं आणि किती किलो कोअर गेला, ते मांड. सीटीचा भाव शेवटी किलोवरच ठरतो. नग वाढलेले दिसतील आणि किलो घटलेले दिसतील, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर बाबांना विक्री ठीक वाटते ती नगांमुळे, आणि आतून धंदा बारीक होत चाललाय. हा कागद आधी त्यांच्यापुढे ठेव. आरअँडडी हा शब्द त्या दिवशी काढूही नकोस.

तंत्रज्ञानाचं धोरण म्हणजे माझ्या मते पहिल्यांदा हेच: आपल्या मालाला चिकटून जो माल विकला जातो, त्यात काय चाललंय ते पाहणं. सीटीवाले दुसऱ्या सीटीवाल्यांवर डोळा ठेवतात, तो किती पैशांनी खाली उतरला ते पाहतात. सीटीचं बर्डन ज्यानं खाल्लं तो सीटीवाला नव्हताच.

तुझ्याकडे चौकशी आलीय ती बहुतेक रोगोव्हस्की कॉइलची किंवा कमी ताकदीच्या सीटीची असणार, ज्याला एलपीसीटी म्हणतात. रोगोव्हस्की कॉइल ही कल्पना १९१२ सालची आहे. लोखंडी कोअरच नाही, त्यामुळे सॅच्युरेशन, म्हणजे करंट फार वाढल्यावर कोअर भरून मोजणी चुकणं, नाही. पण बाहेर येतात काही मिलिव्होल्ट, तेही करंटच्या नव्हे तर करंट बदलण्याच्या वेगाच्या प्रमाणात. त्यावरून करंट काढायला इंटिग्रेटर, म्हणजे हे बदल साठवत जाणारं सर्किट, लागतो, आणि मिलिव्होल्टवर चकती काही फिरत नाही. म्हणून संरक्षणाच्या कामात ही कॉइल कित्येक दशकं बाजूला पडून राहिली. रिलेच्या आत मायक्रोप्रोसेसर आला तेव्हा तिचे दिवस आले. नवं तंत्रज्ञान कधी येणार हे ओळखायचं असेल, तर ते कशावर अडून बसलंय ते शोध. अडसर निघाला की फार वेळ लागत नाही.

तरीही घाबरून सगळं मोडीत काढू नकोस. वीज कंपन्यांच्या सबस्टेशनांत सीटीच्या १ आणि ५ अँपिअरच्या आउटपुटवर उभी असलेली सगळी व्यवस्था उद्या उखडली जाणार नाही. मीटरिंगचे ०.२एस आणि ०.५एस या अचूकतेच्या क्लासचे सीटी लागतच राहतील. वीजवितरण सुधारण्यासाठी २०२१ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या आरडीएसएस योजनेत २५ कोटी स्मार्ट प्रीपेड मीटरचं उद्दिष्ट ठेवलं होतं, आणि थ्री-फेज मीटरच्या पोटातही छोटे सीटी असतात. जुना माल अजून बरीच वर्षं पैसे देईल. त्यातले थोडे पैसे नव्याकडे वळवायचे आहेत, आणि हे जुना माल चांगला चाललाय तोवरच करता येतं.

मग करायचं काय? इथे मला ईएमआयची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तरुण इंजिनिअर नेमके इथे फसतात. ब्रिटनमधली ही कंपनी रेकॉर्डसाठी प्रसिद्ध होती. तिथले इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी सीटी स्कॅनर बनवला. (हा सीटी वेगळा, इस्पितळातला.) पहिल्या रुग्णाचा स्कॅन १९७१ मध्ये झाला आणि १९७९ मध्ये हाउन्सफील्ड यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी अडचणीत आलेली ईएमआय थॉर्न कंपनीच्या ताब्यात गेली आणि स्कॅनरचा धंदा लवकरच हातातून सुटला. बाजार जीई आणि सीमेन्सकडे गेला. शोध अस्सल होता. पण अमेरिकेतल्या इस्पितळांना एवढं गुंतागुंतीचं यंत्र विकायचं, तिथल्या लोकांना शिकवायचं, बिघडलं तर तातडीनं माणूस पाठवायचा, हे जाळं ईएमआयकडे नव्हतं. एक्स-रे विकणाऱ्यांकडे ते आधीपासून होतं. शोधातून पैसा कोणाला मिळतो हे बऱ्याचदा शोधाभोवतीच्या अशा गोष्टी ठरवतात. व्यवस्थापनाच्या भाषेत त्यांना पूरक मालमत्ता म्हणतात.

आता तुमच्याकडे काय आहे ते बघ. इपॉक्सी कास्टिंगचा हात आहे. हजारो अँपिअर प्रायमरी करंट सोडून अचूकता तपासायचं बेंच आहे. आयएस १६२२७ या भारतीय मानकाप्रमाणे टाइप टेस्टचे, म्हणजे नमुन्याच्या पूर्ण चाचणीचे, रिपोर्ट आहेत, आणि तुमच्या दारापासून जवळच एर्डा आहे; १९७४ पासून या गावात असलेली ती चाचणी-संस्था दुसऱ्या शहरातल्या सीटीवाल्याला किती लांब पडते, विचार. वीज कंपन्यांत व्हेंडर म्हणून नोंद आहे. पॅनलवाले बाबांना नावानं ओळखतात. यातलं काहीही सहा महिन्यांत विकत मिळत नाही.

आणि नाही काय? इलेक्ट्रॉनिक्स नाही, सॉफ्टवेअर नाही. रिलेचा दरवाजाही तुमच्या हातात नाही. एलपीसीटीत प्रत्येक नगाचा करेक्शन फॅक्टर, म्हणजे दुरुस्तीचा आकडा, वेगळा असू शकतो. तो नेमप्लेटवर छापतात आणि रिलेच्या सेटिंगमध्ये भरतात. म्हणजे तुमचा सेन्सर कितीही चांगला असला, तरी रिलेवाल्यानं त्याला आपल्या इनपुटवर मान्य केल्याशिवाय तो विकला जाणार नाही. धंद्याची किल्ली रिलेवाल्याकडे सरकतेय.

माझं स्पष्ट मत आहे: रिले बनवायच्या नादी लागू नकोस. तुझ्या वयाच्या मुलाला तेच आधी सुचतं, कारण ते काम आकर्षक दिसतं. तुम्ही सेन्सरचं कास्टिंग आणि एकेका नगाचं कॅलिब्रेशन या दोन गोष्टी देशात कोणीही करणार नाही इतक्या चांगल्या करा, आणि एखाद्या मध्यम रिलेवाल्याशी किंवा पॅनलवाल्याशी आत्ताच, माल तयार व्हायच्या आधी, हात मिळवा. मोठ्या परदेशी कंपन्या आपले सेन्सर आपणच आणतील. मध्यम आकाराच्या देशी रिलेवाल्याला मात्र तुमची गरज आहे आणि तुम्हाला त्याची.

पैशाकडे येतो, पण पैशाआधी माणसं. हे मी सोसलेलं आहे.

नव्वदच्या दशकात मी ज्या कंपनीत होतो तिथं आम्ही चौघं मिळून न्यूमेरिकल ओव्हरकरंट रिले, म्हणजे करंट जास्त झाला की तोडणारा, करत होतो. वरच्या लोकांचा पाठिंबा होता, बजेट होतं, खोली होती. पण महिन्याची पंचवीस तारीख उलटली की प्रॉडक्शन मॅनेजर दारात यायचे. डिस्पॅच अडकलंय, टेस्टिंगला दोन माणसं द्या. देणार नाही असं कोण म्हणेल? पगार त्याच डिस्पॅचमधून निघत होता. सोल्डरिंग आयर्न गरम असतानाच आम्ही उठून खाली जायचो आणि जुने रिले तपासत बसायचो. महिन्यातले सहा-सात दिवस असे जायचे. परत आल्यावर कुठल्या ओळीपर्यंत प्रोग्रॅम आला होता ते आठवण्यात आणखी दोन दिवस. मार्च आला की अख्खा महिना. तिसऱ्या वर्षी आमचा प्रोटोटाइप हवा तेव्हा बरोबर ट्रिप होऊ लागला आणि त्याच सुमाराला बाहेरच्या कंपनीचा तयार रिले बाजारात आला. आमचा कधी विकलाच गेला नाही. कोणीही वाईट वागलं नव्हतं. रोजच्या धंद्याला आज पैसे मिळतात आणि नव्या कामाला पाच वर्षांनी, त्यामुळे प्रत्येक छोट्या भांडणात रोजचा धंदा जिंकतो आणि ते रास्तही वाटतं.

याच कारणानं मोठ्या कंपन्या नवं काम वेगळं काढतात. सन फार्मानं २००७ मध्ये नव्या औषधांच्या संशोधनाची वेगळी कंपनीच केली, स्पार्क. तिची एक प्रयोगशाळा आपल्याच गावात आहे. जेनेरिकच्या धंद्याचा हिशेब वेगळा, अनिश्चित संशोधनाचा वेगळा. साठ माणसांच्या कारखान्यात वेगळी कंपनी काढता येत नाही, पण दोन माणसं वेगळी काढता येतात. एक तू नकोस, कारण तुला बाबा हाक मारतील आणि तू जाशील. एक इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा घे आणि एक तुमच्या विंडिंगमधला जुना, हुशार माणूस. बाबांकडून एकच वचन घे: मार्चमध्येही या दोघांना डिस्पॅचला लावायचं नाही. पैशाच्या आकड्यापेक्षा मला हे वचन मोलाचं वाटतं.

आकडा विचारलायस तर विक्रीच्या दोन टक्क्यांपासून सुरू कर. तुमच्या बाबतीत वर्षाला ३६ लाख. आपला सगळा देश मिळून जीडीपीच्या ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो, त्या मानानं हे धाडसच आहे. पण एकदम देऊ नका, टप्प्यांनी द्या. सहा महिन्यांत बेंचवर कॉइल चालते का? बारा महिन्यांत पन्नास नग सारखे निघतात का, आणि तापमान बदललं तरी अचूकता टिकते का? अठरा महिन्यांत एक तरी रिलेवाला आपल्या इनपुटवर लावून बघायला तयार आहे का? प्रत्येक टप्प्याआधी लिहून ठेवा की उत्तर काय आलं तर काम थांबवायचं. सुरुवातीलाच लिहून ठेवायचं, कारण दीड वर्ष राबल्यावर कोणालाच आपलं काम थांबवणं जमत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही आलं तर पहिल्या दोन्हींत शंभर टक्के मिळूनही थांबा. तोवर शिकलेलं कॅलिब्रेशन साध्या सीटीलाही उपयोगी पडेलच.

आता विंडिंगमधला माणूस का, ते सांगतो. एका सीटीवाल्याकडे मी सल्ल्याला जात होतो. त्यांच्याकडे दर पावसाळ्यात पार्शल डिस्चार्जच्या, म्हणजे इन्सुलेशनच्या आत होणाऱ्या बारीक ठिणग्यांच्या, टेस्टमध्ये माल नापास व्हायचा. साहेबांनी रेझिन बदललं, व्हॅक्यूम पंप बदलला, फरक पडेना. मोल्ड भरणाऱ्या एका ताईंना मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, सिलिकाची गोणी सकाळी उघडली तर माल नीट येतो, आदल्या दिवशीची उघडी गोणी वापरली तर गडबड होते. मी गोणीत हात घातला. पावडर बोटांना चिकटली, गोळ्या झाल्या होत्या. बडोद्याच्या जुलैत रात्रभर उघडी राहिलेली पावडर हवेतली ओल ओढून घेत होती. मोल्ड तापला की त्या ओलीची वाफ, वाफेचे बारीक बुडबुडे, आणि बुडबुड्यांत डिस्चार्ज. पावडर ओव्हनमध्ये वाळवून वापरायला लागल्यावर डिस्चार्जचे पिकोकुलममधले आकडे खाली आले. ताईंना हे दोन पावसाळे माहीत होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

तू 'इनोव्हेशन सेल' आणि सूचनापेटीबद्दल लिहिलंयस. पेटी लावू नकोस. रोज अर्धा तास खाली उभा राहा आणि विचार.

शिकण्याबद्दल थोडं. बाहेरचं नवं ज्ञान उचलायलाही आपल्या आत आधी काही ज्ञान असावं लागतं. रोगोव्हस्की कॉइल कधी हातातच घेतली नसेल, तर परदेशी कंपनीनं तंत्र फुकट दिलं तरी आपल्याला ते कळणार नाही. हे या गावाला नवं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं आणि ते त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिलं. १९०७ मध्ये गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन यांनी अलेंबिक सुरू केली, टिंक्चर आणि अल्कोहोलपासून. शिकायची जागा आधी उभी राहिली, कारखाना सतरा वर्षांनी. तू त्याच इमारतीत शिकलास. तुझ्या प्राध्यापकांकडे जा, एम.ई.च्या एखाद्या मुलाला प्रकल्प म्हणून तापमानाचा परिणाम मोजायला दे. तुला स्वस्तात डेटा मिळेल आणि उद्याचा इंजिनिअरही.

पेटंटबद्दल एवढंच की प्रदर्शनात मांडायच्या आधी अर्ज कर. इलेक्रामा या विजेच्या उद्योगाच्या प्रदर्शनात स्टॉल लावून, कॅटलॉग वाटून झाल्यावर वकिलाकडे जाणारे मी पाहिलेत. नवेपणा तिथेच संपतो. प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करून ठेवला की पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात, आणि लघुउद्योगाला फी कमी आहे. कास्टिंगची कृती मात्र पेटंटमध्ये लिहू नकोस. ती चार भिंतींत राहिली तर जास्त टिकते. करसवलतीसाठी आरअँडडी काढू नकोस. एके काळी डीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन विभागाची मान्यता असलेल्या कंपन्यांना खर्चाच्या २०० टक्के वजावट मिळायची, मग १५० झाली आणि २०२०-२१ पासून १०० टक्क्यांवर आली. सवलतीपुरते काढलेले विभाग सवलतीबरोबर ओस पडले.

शेवटचा माणूस विसरू नकोस: सबस्टेशनमधला टेक्निशियन. २०२४ च्या मे महिन्यात स्मार्ट मीटरविरुद्ध आपल्याच गावातले लोक रस्त्यावर आले होते, आठवत असेल. मीटरच्या आतलं तंत्र त्यांच्या रागाचं कारण नव्हतं; बिल कसं कापलं जातंय ते त्यांना कळत नव्हतं. टेक्निशियनचंही तसंच आहे. त्याच्या पेटीतला टेस्टिंग किट १ आणि ५ अँपिअरचा आहे, तुझ्या मिलिव्होल्टच्या सेन्सरवर तो निरुपयोगी. त्याला हातात काही दिलं नाहीस तर पहिल्या बिघाडाला तो सेन्सर काढून जुना सीटी लावेल. उलट त्याच्या फायद्याची एक गोष्ट तुझ्याकडे आहे. साध्या सीटीची सेकंडरी, म्हणजे आउटपुटची बाजू, चालू लाइनवर उघडी राहिली तर जिवावर बेतणारं व्होल्टेज तयार होतं, प्रत्येक टेक्निशियन हे भीत भीत शिकलेला असतो. एलपीसीटीत ती भीती नाही. खरेदी अधिकाऱ्याला भाव सांग, टेक्निशियनला हे सांग.

विभाग, खोली, बोर्ड हे सगळं नंतर. या रविवारी दहा मिलिमीटर व्यासाची लवचिक प्लॅस्टिक नळी घे. विंडिंगमधून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची एनॅमल तार आण आणि एका मिलिमीटरला दोन याप्रमाणे सलग वेढे घाल. शेवटचं टोक नळीच्या पोटातून मागे आण, नाहीतर शेजारच्या केबलचं फील्डही त्यात येईल. तुमच्या प्रायमरी बारभोवती तिचं कडं कर, १०० अँपिअर सोड आणि मल्टिमीटर लाव. सहाएक मिलिव्होल्ट दिसायला हवेत. कडं बारवर पुढे-मागे सरकवून आकडा किती हलतो तेही बघ, कारण सगळं कॅलिब्रेशन त्या हलण्यातच आहे. सगळे आकडे वहीत लिही. करंट सोडायला बाबांनाच उभं कर.